आर्लची ती आणि मिरजेचा तो

मूकपट पाहायला जाण्यातला मोठा धोका असा, की शेजारी बसलेला माणूस बोलायला लागला तर त्याला 'शूः' म्हणण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही. पडद्यावरचीच मंडळी गप्प आहेत, मग हा गृहस्थ नेमका कोणाच्या संवादाच्या आड येतो आहे, ते तरी सांगा! आमच्या शाखेतले हेड कॅशियर या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतात. आठवडाभर काचेच्या आड बसून नोटा मोजताना ते तोंडातून शब्द काढत नाहीत, कारण मोजणी चुकते. ती सगळी शिल्लक रविवारी फिल्म सोसायटीच्या अंधारात व्याजासकट बाहेर पडते.

आता रविवारी सकाळी नऊ वाजता जुने फ्रेंच मूकपट पाहायला जाण्याइतका मी रसिक आहे, असा गैरसमज कृपा करून करून घेऊ नका. मी बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. कलेशी माझा संबंध आला तो बँकेच्या कॅलेंडरवरच्या निसर्गचित्रांपुरता. मी गेलो याचं कारण वेगळं होतं. रविवारी सकाळी दहाला आमच्या घरी संमेलन भरतं. साताऱ्याहून ताई आणि भाऊजी मोबाइलच्या पडद्यावर अवतरतात, आई अध्यक्षस्थानी बसते, सौ. पोहे घेऊन स्वागताध्यक्ष होते आणि मी नेहमीप्रमाणे आभारप्रदर्शनाला शिल्लक राहतो. गेले तीन महिने संमेलनाचा विषय एकच आहे: ताईची मुलगी.

भाची नोकरीसाठी पुण्यात आमच्याकडे असते. गुणी आहे, हसरी आहे, माझे चष्मे शोधून देते. तिने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा मिरजेचा. मुलाला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे, असं भाची सांगते. पण आमच्या घरात ते कोणी घेत नाही. आई त्याला 'मिरजेचा' म्हणते, भाऊजी 'मिरज प्रकरण' म्हणतात आणि ताई नुसतं 'तो' म्हणते. त्या 'तो'मध्ये ती एवढं भरते, की माझ्यासारख्याला ते लिहायला चार पानं लागतील. विरोधाची लहान कारणं पाच-सहा होती. ती मोठ्यानं बोलली जात. मोठं कारण एकच होतं. ते दार लावून बोललं जाई. मुलगा आपल्यातला नाही.

तर या संमेलनाला दांडी मारून मी फिल्म सोसायटीच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि दिवे मालवले. आणि पडद्यावर काय लागलं म्हणता? प्रोव्हान्समधलं एक शेतकरी कुटुंब, त्यातला एक कर्ता मुलगा, आर्ल गावची एक मुलगी आणि घरच्यांचे पडलेले चेहरे. माणूस संमेलन चुकवायला म्हणून एकशेदहा-पंधरा वर्षं मागे आणि सात हजार किलोमीटर लांब पळाला, तरी विषयपत्रिका तीच!

चित्रपटाचं नाव 'लार्लेझिएन', म्हणजे मराठीत सांगायचं तर 'आर्लची ती'. साल १९०८. दिग्दर्शक आल्बेर कापेलानी. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली, म्हणजे हा त्याच्याही पाच वर्षं आधीचा. त्या वर्षी पॅरिसमध्ये, नामवंत लेखकांच्या कृती पडद्यावर आणायच्या म्हणून, पाथे कंपनीच्या आधाराने एक संस्था निघाली होती. चित्रपट ही जत्रेतली करमणूक नसून घरंदाज माणसांनीही पाहावी अशी वस्तू आहे, हे तिला सिद्ध करायचं होतं. कापेलानी हा नाटकातून आलेला माणूस. त्याने आल्फाँस दोदेचं गाजलेलं नाटक निवडलं. पण पॅरिसमध्ये रंगवलेले पडदे टांगून भागवलं नाही, तर कॅमेरा घेऊन थेट दक्षिणेत आर्लला गेला. त्यामुळे रोमनांनी बांधलेलं ते दगडी रिंगण खरं दिसतं, ऊन खरं दिसतं. माणसंच तेवढी मधूनमधून रंगवलेली वाटतात.

कथा आपल्याकडच्या कोणालाही पत्रिका न जुळवता समजेल. शेतकऱ्याच्या मुलाचं, फ्रेदेरीचं, आर्लच्या एका मुलीवर मन बसतं. घरच्यांना ते पसंत नाही. मुलगा हट्टाला पेटतो. लग्न ठरत येतं, इतक्यात मितिफिओ नावाचा घोड्यांच्या कळपांचा एक राखणदार पत्रं घेऊन दारात उभा राहतो: ही बाई माझी आहे, हा घ्या पुरावा. लग्न मोडतं. घरचे लोक विवेत नावाची, लहानपणापासून पाहिलेली, सालस मुलगी पुढे करतात. फ्रेदेरी 'हो' म्हणतो. पण आर्लची ती त्याच्या डोळ्यांपुढून हलत नाही. शेवटी एका रात्री तो उंचावरच्या खिडकीतून उडी टाकतो. सारा मामला वीस मिनिटांच्या आत. आमच्याकडे एवढ्या वेळात पासबुकही भरून मिळत नाही.

पण ही वीस मिनिटंही मला धड पाहता आली नाहीत. रिंगणात ती आर्लची मुलगी फ्रेदेरीला भेटली मात्र, हेड कॅशियरांनी माझं मनगट धरलं. "चूक!" ते म्हणाले, "घोडचूक! दाखवली! तिला दाखवली हो!"

मला वाटलं, बाईंच्या वेशभूषेत काही कमीजास्त झालं असावं. म्हणून मी नीट निरखून पाहिलं. तसं काही नव्हतं. बाई चांगली नखशिखान्त कपड्यांत होती.

"काय दाखवलं?" मी विचारलं.

"तीच! जिला दाखवायचंच नसतं, तिला दाखवली!"

मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्यांनी मला उलगडा केला, आणि तो ऐकण्यासारखा होता. दोदेचं नाटक पहिल्यांदा ऑक्टोबर १८७२ मध्ये पॅरिसला झालं. त्याला संगीत होतं जॉर्ज बिझेचं, म्हणजे पुढे ज्याने 'कार्मेन' केलं तोच. नाटक सपशेल पडलं. १८८५ मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि असं चाललं की विचारू नका. पण ते पाहायला बिझे राहिला नव्हता, दहा वर्षांपूर्वीच, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला होता. त्या नाटकाची खुबी ही, की जिच्या नावाचं नाटक, ती बाई रंगमंचावर एकदाही येत नाही! तिच्यावरून घरात भांडणं होतात, तिच्यापायी मुलगा जीव देतो, पण प्रेक्षकाला तिच्या ओढणीचं टोकही दिसत नाही. तिला नावसुद्धा नाही. 'आर्लची ती', बस्स. ज्याच्याबद्दल सगळे बोलतात पण जो कधी दिसत नाही, अशा माणसाला किंवा वस्तूला फ्रेंच लोक आजही 'लार्लेझिएन' म्हणतात. आमच्या खात्यातली पगारवाढीची थकबाकी ही या व्याख्येत चपखल बसावी.

"न दाखवण्यातच सगळी कला आहे," हेड कॅशियर म्हणाले. "प्रत्येक प्रेक्षक आपापल्या मनातली बाई तिथे बसवतो. या कापेलानीने एक ठराविक बाई आणून उभी केली आणि हजार बायकांचा खून केला."

वाक्य झकास होतं. मी मान डोलावली आणि चहाचे पैसे दिले. पण टपरीवरून परत येताना एक गोष्ट माझ्या मनात कुसळासारखी टोचत राहिली. नाव नाही, नुसतं गाव. कोणी पाहिलेली नाही, पण सगळ्यांना सगळं माहीत. आपल्या ओळखीची आणखी एक व्यक्ती या वर्णनात बसते की हो!

आता इथे मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं टीकालेखन प्रामाणिक होणार नाही.

तीन महिन्यांपूर्वी ताईने मला चौकशी अधिकारी नेमलं होतं. "अरे, तुझी बँक आहे ना मिरजेला? काढ की माहिती," इतकं साधं फर्मान होतं. कर्जदाराची बाजारातली पत कशी आहे, याचा गुप्त अहवाल एक शाखा दुसऱ्या शाखेकडून मागवते, तसाच हा. मी शनिवारी गाडीत बसून मिरजेला गेलो. तिथल्या एका परिचिताने माझं फार अगत्याने केलं. भडंग आणलं. त्या भडंगाला लसूण काय लागला होता, मी इथे सांगू शकत नाही. दोन वाट्या भडंग आणि तीन कप चहा झाल्यावर मी मुलाचा विषय काढला. परिचित म्हणाले, "घर चांगलं आहे. पण मुलाचं आधी एक जमलं होतं म्हणतात. साखरपुडासुद्धा झाला होता. मग मोडलं." आणि त्यांनी आपल्या मोबाइलमधून एक फोटो शोधून मला पाठवला. हार, पेढे, मुलगा, आणि शेजारी एक मुलगी. ती आमची भाची नव्हती.

मुलगा त्या वेळी मिरजेतच होता. त्याचं घर दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली होती, हे मी स्वतःला दिलेलं कारण. ताटात भडंग उरलं होतं, हे खरं कारण. पुण्याला येऊन ताईला एवढंच कळवलं, "अजून चौकशी चालू आहे." आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवून मी सतरा दिवस हिंडत होतो.

हेड कॅशियरांकडून मी नाटकाचं इंग्रजी पुस्तक आणलं, दोदेची मूळ गोष्टही मिळवली. आणि नाटकाच्या पहिल्याच अंकात मला कोण भेटावं? मीच! मुलीच्या घरची चौकशी करायला घरच्यांनी मार्क नावाच्या एका जहाजवाल्या नातलगाला नेमलेलं असतं. हा गडी आर्लला जातो, मुलीच्या आईबापांकडे बसतो, त्यांच्या घरची दारू पितो आणि परत येऊन सांगतो की माणसं फार उत्तम आहेत, दारू तर विचारूच नका! चौकशी समाप्त. दोदेने हे पात्र हसण्यासाठी घातलं आहे, आणि त्या पानावर हसू आलं नाही असा बहुधा मीच पहिला वाचक असेन. मार्कने दारू पिऊन पसंती दिली, मी भडंग खाऊन नापसंतीचा पुरावा आणला. दोघांनीही माणसाऐवजी फराळाची पारख केली.

मूळ गोष्ट तर नाटकापेक्षाही आटोपशीर आहे. चार-पाच पानांत संपते. दोदेने ती १८६६ मध्ये लिहिली. तिच्यामागे एक खरी घटना होती. प्रोव्हान्सचा थोर कवी मिस्त्राल याच्या नात्यातल्या एका तरुणाने १८६२ मध्ये असाच जीव दिला होता. या गोष्टीत मुलाचं नाव जान आहे. विरोधाची कारणं दोदे एकाच वाक्यात सांगून मोकळा होतो: मुलगी नखरेल म्हणून प्रसिद्ध, आणि तिचे आईबाप त्या मुलखातले नव्हेत. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या मुलखातले नव्हेत! म्हणजे दार लावून बोलायचं कारण तिथेही तेच होतं. फरक इतकाच, की त्या शेतघरांची दारं जाडजूड असत आणि आमच्या फ्लॅटच्या दारातून सगळं ऐकू येतं.

पुढे पत्रांचा प्रसंग येतो. तो अनोळखी माणूस बापाला बाहेर बोलावून सांगतो की दोन वर्षं ही माझी होती, तिच्या आईबापांनी मला शब्दही दिला होता. पण तुमचा मुलगा मागणी घालू लागल्यापासून त्यांना मी नको झालो आणि तिलाही नको झालो. इथे मी चष्मा काढून पुसला. अहो, या माणसाच्या साक्षीचा अर्थ काय होतो? त्या मुलीने दोघांतून जानला निवडलं होतं! एवढी मोठी गोष्ट फिर्यादी स्वतःच्या तोंडाने सांगून गेला, आणि त्या घरात कोणाच्या लक्षात आली नाही. बापाने पत्रं पाहिली आणि खातं बंद केलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मालमत्तेवर आधीचा बोजा निघाला म्हणून कर्ज नामंजूर. पण माणूस म्हणजे सातबाराचा उतारा नव्हे. बोजा फेडला गेला आहे का, हे ज्याच्या नावावर आहे त्यालाच विचारावं लागतं. आर्ल काही चंद्रावर नव्हतं. दोदेच लिहितो की जान रोज संध्याकाळी त्या रस्त्याने, गावाचे मनोरे दिसेपर्यंत, चालत जायचा आणि तिथून माघारी फिरायचा. मनोऱ्यांच्या पुढे गेला असता तर मुलगी भेटली असती. कोणीच गेलं नाही. बाप नाही, आई नाही, स्वतः जानही नाही.

आणि सगळ्यांत चटका लावणारी जागा पुढेच आहे. मुलगा झुरतो आहे हे पाहून एक दिवस आईच म्हणते, की तुला ती हवीच असेल तर आम्ही करून देतो. बाप शरमेने मान खाली घालतो, पण नाही म्हणत नाही. म्हणजे घरचा विरोध संपला! आणि मुलगाच नकारार्थी मान हलवून निघून जातो. आपल्या सिनेमांत बाप 'हो' म्हणाला की सनई वाजते. इथे बाप 'हो' म्हणतो आणि उशीर झालेला असतो. घरच्यांचा विरोध इतका पुरता मुलाच्या अंगात मुरलेला असतो, की घरच्यांनी तो मागे घेतला तरी त्याच्या अंगातून निघत नाही. प्रेमाला विरोध करणारे आईबाप जगातल्या सगळ्या भाषांत आहेत. पण संमती देऊनही हरलेले आईबाप मी पहिल्यांदाच पाहिले.

हे वाचून झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. भाची गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, घसा खाकरला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. मितिफिओ दारात उभा राहिला तेव्हा त्याची छाती अशीच धडधडली असेल का, असं एक मन म्हणत होतं.

तिने फोटो पाहिला. कपडे खुर्चीवर ठेवले.

"मामा, हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंय. त्या मुलीला परदेशी जायचं होतं, याला आईला सोडून जायचं नव्हतं. दोघांनी मिळून मोडलं. तिच्या लग्नालाही हा जाऊन आला." मग थोडं थांबून म्हणाली, "तू किती दिवस हे खिशात घेऊन फिरतोयस?"

"सतरा."

"सतरा दिवस आपण एका टेबलावर जेवतोय. मला विचारावंसं नाही वाटलं?"

मी गप्प. अस्सल मूकपट.

"मामा, तुमच्याकडे चेकवर सही थोडी वाकडी आली तरी तू गिऱ्हाइकाला बोलावून विचारतोस ना, की बाबा, ही तुझीच का? मग याला का नाही बोलावलंस?"

वाचकहो, पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून एवढ्या स्पष्ट शब्दांत खुलासा कोणी मागवला नव्हता. आणि मुद्दा बिनतोड होता. साधं बचत खातं उघडायचं तर 'आपला ग्राहक ओळखा' म्हणून आम्ही माणसाला समोर आणतो. अगदी घरबसल्या उघडायचं म्हटलं तरी कॅमेऱ्यापुढे तोंड दाखवावं लागतं. आणि जन्माचं खातं आम्ही तीन महिने, गिऱ्हाइकाचं तोंड न पाहता, नामंजूर करत बसलो होतो.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हेड कॅशियरांचं ते झकास वाक्य मला एकदम पटेनासं झालं. पुढच्या रविवारी मी पदरचे पैसे खर्चून त्यांना चहा पाजला आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं कलाविषयक मत मांडलं.

मी म्हणालो, "साहेब, नाटकात ती दिसत नाही, कारण नाटकाला जीभ आहे. जीभ असली की माणसाच्या पाठीमागे बोलता येतं. मूकपटाला जीभच नाही. त्याला चहाडी करता येत नाही. ज्याच्याविषयी काही सांगायचं, त्याला बिचाऱ्याला समोर उभंच करावं लागतं. कापेलानीने तिला दाखवली ही चूक नव्हे. त्याच्यापाशी दुसरा मार्गच नव्हता, आणि मला तर तो जास्त सरळ मार्ग वाटतो."

कॅशियर दचकले. त्यांच्या हातून बिस्किट चहात पडलं.

मी थांबलो नाही. कारण त्या वीस मिनिटांतलं मला नीट आठवत होतं ते एवढंच, की रिंगणातल्या खऱ्या उन्हात उभी असलेली ती मुलगी अगदी साधी मुलगी होती. राक्षसीण नव्हे, मायाविनी नव्हे. घरादाराला गिळून टाकणारी म्हणून जिची कीर्ती ऐकून आपण येतो, ती प्रत्यक्षात सणाचे कपडे घालून उन्हात उभी आहे, इतकंच. न दिसणारी बाई घर बुडवू शकते. दिसणारी बाई फार तर सासूशी भांडेल.

एवढं म्हणून मी त्या चित्रपटाला शंभरपैकी शंभर मार्क देतो आहे, असं समजू नका. कॅमेरा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लांब उभा राहतो, त्यामुळे माणसं पायापासून डोक्यापर्यंत दिसतात आणि चेहरा मात्र वाटाण्याएवढा. दुःख झालं की हात, आश्चर्य वाटलं की हात, नकार द्यायचा तरी हातच. ट्रॅफिक पोलिसाच्या कुटुंबात प्रेमप्रकरण घडतं आहे असं क्षणभर वाटतं. नाटकातला सगळ्यांत हळवा प्रसंग आहे तो म्हाताऱ्या बाल्थाझार धनगराचा: तरुणपणी मालकाच्या बायकोवर मन बसलं, अब्रू सांभाळायची म्हणून तो निघून गेला आणि उभ्या जन्मानंतर म्हातारपणी दोघं भेटतात. असल्या प्रसंगाला शब्दांचा आधार लागतोच. लांबून पाहिलेल्या दोन म्हाताऱ्यांना तो पेलणं कठीण. विवेतचंही तेच. शिवाय कथा आधी ठाऊक नसेल तर कोण कोणाचं काय लागतं, हे कळायलाच अर्धा चित्रपट जातो. पॅरिसच्या लोकांना नाटक पाठ होतं. आपल्या लोकांना हरिश्चंद्राचं आख्यान पाठ होतं तसं.

आणि एक तक्रार मात्र मोठी आहे. शेवटी फ्रेदेरीला ती दिसते, तेव्हा कापेलानी एका चित्रावर दुसरं चित्र छापण्याची युक्ती वापरतो. ती समोर तरंगते, आरपार दिसते, धुरासारखी. १९०८ साली प्रेक्षकांनी तोंडात बोटं घातली असतील. पण ही रिंगणातली मुलगी नव्हे. ही घरच्यांच्या बोलण्यातून तयार झालेली, पत्रांतून तयार झालेली बाई आहे. खरी मुलगी त्या वेळी कुठेतरी आर्लमध्येच असणार, आणि तिचं पुढे काय झालं हे विचारायला कॅमेराही गेला नाही. म्हणजे चहाडी न करणारा चित्रपटसुद्धा शेवटी घरच्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. माझ्या मते खिडकीतून फ्रेदेरी पडतो, त्याच्या मिनिटभर आधी चित्रपट पडतो.

"हे तुम्ही लिहून का काढत नाही?" कॅशियर म्हणाले. (म्हणून हा लेख. दोष त्यांच्या खात्यावर नावे टाकावा.)

घरी गेलो तेव्हा संमेलन रंगात आलं होतं. ताई पडद्यावरून विचारत होती, "अरे, तुझ्या चौकशीचं काय झालं?" मी जे होतं ते सगळं सांगितलं. फोटो, भडंग, सतरा दिवस. क्षणभर कोणी बोललं नाही. साताऱ्याचं नेटवर्क गेलं की काय, असं मला वाटलं. मग आई म्हणाली, "अरे, त्याला एकदा जेवायला तरी बोलवा. माणूस पानावर बसला की कळतो."

ताईने मान खाली घातली. पण नाही म्हणाली नाही. मला एकदम प्रोव्हान्समधलं ते शेतघर आठवलं आणि पोटात कालवलं. कारण तिथेही बरोबर इथपर्यंत सगळं असंच झालं होतं. आम्हांला उशीर झाला नव्हता, एवढंच आमचं नशीब; आणि ते नशीब माझं कर्तृत्व नव्हे, भाचीचं होतं. मनोऱ्यांपर्यंत जाऊन परत फिरणाऱ्यांतली ती नाही.

तो पुढच्या रविवारी आला. ताई-भाऊजीही साताऱ्याहून आले. या खेपेला सदेह. दारात त्याने चपला काढल्या आणि त्या कुठे ठेवायच्या हे न कळून हातातच धरून उभा राहिला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. आमटी त्याने दोनदा घेतली. भाऊजींनी मिरजेच्या रेल्वे जंक्शनबद्दल प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. ताई बराच वेळ त्याच्याकडे न बघता वाढत होती. मग तिने विचारलं, "तुम्हांला ताक चालेल ना?" घरात गेले तीन महिने जो 'तो' होता, तो निदान 'तुम्ही' झाला. हे काही होकार नव्हे. दार लावून बोलायचं कारण अजून आहे तिथेच आहे, आणि ताई साताऱ्याला जाऊन विचार करते आहे. पण विचार आता दिसलेल्या माणसाचा चालला आहे.

जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला आणि एक पिशवी हातात दिली. उघडून पाहतो तर भडंग!

मी ते खाल्लं नाही. म्हणजे, लग्न ठरेपर्यंत खाणार नाही. चौकशी अधिकाऱ्याने पथ्य पाळलं पाहिजे, हे मला मार्क जहाजवाल्याने शिकवलं आहे. डबा फळीवर ठेवला आहे आणि रोज रात्री त्याचा लसणीचा वास येतो.

मुलाचं नाव? आता आमच्या घरात सर्रास घेतात. पण मी इथे सांगत नाही. पत्रिका छापायचं ठरलं तर तुम्हांला पोस्टाने कळेलच.